गाठ निघाली म्हणे, मग रिपोर्ट अजून वाढलेलाच कसा?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात अ‍ॅक्रोमेगालीवर चारच ओळी लिहिल्या होत्या. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची हरभऱ्याएवढी ग्रंथी असते, शाळेच्या पुस्तकात तिला पीयूषिका म्हणायचे, तिच्यात गाठ होते, ती कॅन्सरची नसते पण ग्रोथ हॉर्मोन बेसुमार सोडत राहते आणि मग मोठ्या वयात हात, पाय, जबडा, नाक, जीभ हळूहळू वाढायला लागतं. चाळिशीत ज्याच्या चप्पलचा नंबर वाढतोय त्यानं एकदा तपासून घ्यावं, एवढंच लिहिलं होतं. मला वाटलं दुर्मिळ आजार आहे, दहा लाखांत साठएक माणसं, कोण विचारणार. पण पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, आणि बहुतेक सगळे अशा घरांतनं जिथं ऑपरेशन झालंय किंवा तारीख ठरलीय. म्हणून या वेळी थायरॉइड आणि केस गळणं बाजूला, सगळी पानं यालाच.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्या मालकांचं वय ४४, ट्रॅक्टर ट्रॉलीचं वर्कशॉप आहे. पुण्यात नाकातनं दुर्बिणीनं ऑपरेशन झालं त्याला ५ आठवडे झाले. गाठ २३ मिलिमीटर होती. सर्जन म्हणाले बहुतेक सगळी काढली, उजव्या बाजूला मोठ्या शिरेला चिकटली होती तेवढी सोडली. इकडं आल्यावर भाऊजींनी पंधराव्या दिवशीच आयजीएफ-वन करून आणलं, आधी ८४० होतं ते ५१० आलं, कागदावर नॉर्मल त्याच्या निम्म्याच्या पण खाली लिहिलंय. आता घरात सगळे म्हणाय लागलेत ऑपरेशन फेल गेलं, पैसे पाण्यात गेले. मालक तर कुणाशी बोलंनात. खरं काय ते सांगा. (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

ताई, पंधराव्या दिवसाचा तो कागद कपाटात ठेवून द्या आणि भाऊजींना चहा पाजून सांगा की तुमची काळजी कळली पण घाई झाली.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. गाठ सोडते ते ग्रोथ हॉर्मोन. ते रक्तात टिकत नाही, वीसेक मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे गाठ खरोखर निघाली असेल तर दुसऱ्या दिवशीच ते खाली आलेलं दिसतं. हे ग्रोथ हॉर्मोन लिव्हरला सांगतं आणि लिव्हर आयजीएफ-वन बनवतं, हाडं-मांस वाढवायचं बरंचसं काम हे दुसरं करतं. आणि ते खाली यायला आठवडे लागतात. तुम्ही गुऱ्हाळ बघितलं असेल, चुलवाणातला जाळ ओढून बाहेर काढला तरी काहिलीतला रस लगेच थंड होतोय का? रटरटत राहतो बराच वेळ. जाळ विझला का नाही हे काहिलीत बोट घालून बघायचं नसतं! म्हणून जगभरात पद्धत अशी की आयजीएफ-वन आणि ग्रोथ हॉर्मोन ऑपरेशननंतर १२ आठवड्यांनी करायचं, आणि पहिला एमआरआयसुद्धा त्याच सुमाराला, कारण त्याआधी आत सूज, रक्त, आणि भोक बुजवायला सर्जननं भरलेली चरबी असते आणि रेडिओलॉजिस्टला पण ते काय आहे ठरवता येत नाही. १५ दिवसांत ८४० वरनं ५१० म्हणजे काहील निवायला लागलीय एवढं म्हणता येतं. फेल म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू, जी तुम्हाला आवडणार नाही, पण खरं सांगा म्हणालात म्हणून.

या ऑपरेशनचा निकाल बराचसा ऑपरेशनच्या आधीच एमआरआयच्या फिल्मवर लिहिलेला असतो. गाठ १० मिलिमीटरच्या आतली असेल आणि हात बसलेल्या सर्जननं काढली तर दहातली आठ-नऊ माणसं पूर्ण बरी होतात, औषधाशिवाय रिपोर्ट नॉर्मल. १० च्या वर गेली की ते निम्म्यावर येतं, कुठं चार कुठं सहा. आणि गाठ बाजूच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये घुसली असेल तर आणखी बरंच कमी. तुमच्या सर्जननी जी मोठी शीर म्हटली ती याच जागेतली कॅरोटिड, मेंदूला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी, आणि तिच्या शेजारूनच डोळा फिरवणाऱ्या नसा जातात. तिथं चिकटलेला तुकडा खरवडायला गेलं आणि ती फाटली तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो. तेव्हा तो तुकडा सोडला हे त्यांनी काम अर्धं टाकलं म्हणून नव्हे, तिथं हात आवरावा लागतो. हे तुम्हाला ऑपरेशनच्या आधी कुणी बसून सांगितलं असतं तर आज घरात ही भांडणं झाली नसती, असं मला आपलं वाटतं. आम्हा डॉक्टर लोकांची ही खोड आहे, ‘काळजी करू नका, गाठ काढून टाकू’ म्हणायचं आणि पुढचं वाक्य गिळायचं.

म्हणजे १२ आठवड्यांनी काय होऊ शकतं? आयजीएफ-वन मालकांच्या वयाच्या नॉर्मलमध्ये आलं (वयाप्रमाणे नॉर्मल बदलतं, विशीतला आकडा चाळिशीला लावायचा नाही) आणि ग्रोथ हॉर्मोन १ नॅनोग्रॅमच्या खाली असलं तर आजार आटोक्यात, मग वर्षातनं एकदा तपासणी, आणि ती जन्मभर, कारण थोड्या लोकांत काही वर्षांनी परत डोकं वर काढतं. आकडा जरासाच वर असला तर डॉक्टर ग्लुकोज पाजून टेस्ट करतील, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, मग दोन तास दर अर्ध्या तासाला रक्त. साखर पोटात गेली की चांगल्या माणसाचं ग्रोथ हॉर्मोन दबतं, गाठीचं दबत नाही, असा त्यातला हिशेब. मालकांना डायबेटिस असेल तर ही टेस्ट करायची का ते आधी विचारा. आणि आयजीएफ चांगलंच वर राहिलं तर महिन्याचं इंजेक्शन सुरू होईल, त्याबद्दल खाली लिहिलंय.

इथं एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. गाठीचा तीन चतुर्थांश भाग जरी गेला असेल तरी तो फुकट गेलेला नाही. उरलेली गाठ जेवढी लहान तेवढं इंजेक्शन जास्त चालतं, हे चांगलं माहीत झालेलं आहे. शिवाय २३ मिलिमीटरची गाठ वर डोळ्यांच्या नसांना टेकायला लागते, मग दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं, म्हणजे समोरचा बोर्ड वाचता येतो पण दसरा चौकात बाजूनं आलेली रिक्षा दिसत नाही. तो दाब गेला असेल तर तो फायदा आयजीएफ काही आलं तरी राहतो. मालकांना विचारा एकदा, डोकेदुखी कशी आहे, घाम कसा आहे, रात्रीचं घोरणं कसं आहे. बहुतेक ते स्वतःच सांगतील की बरं वाटतंय पण बोलायची सोय नव्हती, कारण कागदावर ५१० आहे ना.

पुढची टेस्ट आधीच्याच लॅबमध्ये करा. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या की आकडे जुळत नाहीत आणि परत घरात तमाशा.

प्रश्न : मी ३१ वर्षांची, शाळेत शिकवते. ८ मिलिमीटरची गाठ होती, ऑपरेशन होऊन ४ महिने झाले, आयजीएफ नॉर्मल आलंय. सगळे म्हणतात तू सुटलीस. पण आरशात मला माझा चेहरा दिसत नाही, जुने फोटो बघवत नाहीत. नाक, जबडा, पाय परत आधीसारखे होणार का? लग्नातली अंगठी कापून काढावी लागली होती, ती परत करून घेऊ का? आणि मूल होईल का? (इचलकरंजी)

बाई, या प्रश्नाला उत्तर देताना मला एक कागद आठवतो.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांच्या कापशी चपला सुभाषनगरातला एक कारागीर करून द्यायचा. तो जुन्या पद्धतीचा, कागदावर पाय ठेवायला लावायचा, भोवतीनं शिसपेन्सिल फिरवायची, खाली नाव-तारीख घालायची आणि कागद खुंटीला अडकवायचा. आजार पहिला त्यानंच ओळखला म्हणायचं. तिसऱ्या वेळी त्यानं जुने दोन कागद खाली काढले, एकावर एक ठेवले आणि म्हणाला, काय ओ पावणं, या वयात पाय वाढतोय तुमचा. ते तीन कागद घेऊनच हे माझ्याकडे आले. उजेडाकडं धरले की एकात एक तीन पावलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी त्यांनी हौसेनं चौथा कागद काढून आणला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत चौथी रेघ तिसरीवर तंतोतंत बसली. पण चवड्यापाशी, रुंदीला, ती आत आली होती. गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढी.

तुमचं उत्तर तेवढंच आहे. लांबी हाडाची, ती परत येत नाही. रुंदी मांसाची आणि सुजेची, ती येते. म्हणून बोटं बारीक होतात, ओठ-नाकाचा जाडपणा उतरतो, डोळ्याखालची सूज जाते, जीभ लहान होते, कातडीचा तेलकटपणा आणि तो घाम जातो, मनगटात नस दबून मुंग्या येत असतील तर त्या बहुधा कमी होतात. यातलं काही पहिल्या आठवड्यातच सुरू होतं, माणसं डिस्चार्जच्या दिवशीच घड्याळ सैल झालं म्हणतात, आणि पुढं वर्षभर हळूहळू चालू राहतं. चार महिने म्हणजे तुमचं अजून संपलेलं नाही. जबड्याचं हाड, भुवईवरचं हाड, पावलाची लांबी, हे आहे तिथं थांबतं. थांबतं हेच ऑपरेशननं केलं. गुडघे-कंबर दुखत असेल तर ते पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही, सांध्यातली कूर्चा एकदा खराब झाली की हॉर्मोन नॉर्मल झालं तरी ती खराबच राहते.

दात फाकलेत किंवा खालचा जबडा पुढं आलाय म्हणून डेंटिस्टकडं जायचं मनात असेल तर जरूर जा, पण रिपोर्ट सहा महिने-वर्षभर नॉर्मल स्थिर राहू दे, मग तारा किंवा जबड्याचं ऑपरेशन. गाठ चालू असताना तारा लावून बसलेली एक मुलगी मला माहिती आहे, तारा दात आत ओढतायत आणि जबडा बाहेर येतोय.

अंगठीचं म्हणाल तर गुजरीत आत्ता जाऊ नका. वर्ष होऊ दे. आत्ता मापाची केलीत तर दिवाळीला बोटातनं गळून पडेल.

मुलाबद्दल: पाळी नियमित आली असेल आणि बाकीची हॉर्मोन्स, म्हणजे थायरॉइड, कॉर्टिसोल, प्रोलॅक्टिन ठीक असतील तर अडचण नसावी, पण ठरवायच्या आधी तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांना, एकदा सांगा. आणि आरशाबद्दल तुम्ही लिहिलंत ते लिहायला धाडस लागतं. सुटलीस म्हणणारी माणसं चांगल्या मनानं म्हणतात हो, पण त्यांनी तुमच्याइतका वेळ तुमचा चेहरा बघितलेला नसतो. याला बोलायला कौन्सेलर मिळत असेल तर जा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : आईचं (वय ५८) ऑपरेशन होऊन घरी आणून ३ दिवस झाले, म्हणजे आज सातवा दिवस. हॉस्पिटलात लघवी खूप होत होती म्हणून सगळे म्हणतात पाणी भरपूर पाज. पाहुणे शहाळी घेऊन येतायत. कालपासून आईला मळमळतंय आणि ती सारखी झोपतेय. अशक्तपणा असेल ना? (गडहिंग्लज)

दादा, हा मेसेज मी छापायच्या आधीच तुम्हाला फोन करून उत्तर दिलंय, आणि त्याच दिवशी सोडियम तपासलंत ते बरं केलंत. पण बाकीच्यांसाठी लिहितो कारण हे सगळीकडं होतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी जास्त होण्याची दोन कारणं. एक तर या आजारात शरीरानं मीठ-पाणी धरून ठेवलेलं असतं ते सुटतं, ते चांगलंच आहे. दुसरं, पिट्युटरीच्या मागच्या भागाला धक्का बसतो आणि पाणी राखणारं हॉर्मोन काही दिवस कमी पडतं, मग बादलीभर पांढरी लघवी आणि न भागणारी तहान. बहुतेकांचं हे आपोआप थांबतं, थोड्यांना गोळी लागते. खरी गंमत पुढं आहे. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये तोच दुखावलेला भाग साठवलेलं हॉर्मोन एकदम सोडून देऊ शकतो, मग शरीर पाणी सोडतच नाही आणि वरनं आपण शहाळं, ताक, लिंबू सरबत. रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकं जड, झोप, असंबद्ध बोलणं, आणि दुर्लक्ष केलं तर फिट. आणि हे नेमकं माणूस घरी आल्यावर होतं, हॉस्पिटलातल्यासारखं कुणी बघायला नसतं तेव्हा. म्हणून तहान लागेल तेवढंच पाणी, जास्तही नाही कमीही नाही, आणि सातव्या दिवसाच्या आसपास सोडियमची टेस्ट, कितीही बरं वाटत असलं तरी. टेस्ट स्वस्तातली आहे, आपल्याकडं तालुक्याच्या गावी पण होते.

प्रश्न : ऑपरेशननंतर १२ दिवसांनी एका नाकपुडीतनं पाण्यासारखी सर्दी, वाकलं की जास्त. वाफ घेऊ का? (कागल)

नाही. सर्जनना आत्ता फोन. सर्दी दोन्हीकडनं येते आणि चिकट असते, हे एकीकडनं, स्वच्छ, वाकल्यावर टपटप, घशात खारट लागतं, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ऑपरेशनच्या वेळी मेंदूभोवतीच्या पडद्याचं बुजवलेलं भोक सुटलं की असं होतं, शंभरात दोन-चार जणांना होतं, पडून राहून किंवा परत बुजवून बरं होतं, पण तसंच ठेवलं तर मेंदूज्वराचा धोका. ताप आणि मान आखडली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. सर्जन सांगतील तोवर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, शौचाला कुंथायचं नाही, घागर उचलायची नाही. आणि घोरण्यासाठी सीपॅप मशीन वापरत असलात तर ते परत कधी लावायचं हेही सर्जननाच विचारून, त्याची हवा याच भोकावर दाबते.

प्रश्न : माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. नाकातनं मेंदूचं ऑपरेशन म्हटल्यावर पोटात गोळा येतो. इंजेक्शननं भागत नाही का? आणि खर्चाचं काय? (वय ३९, उद्यमनगर)

भीती रास्त आहे, पण नाकाची वाट नवी नाही. १९०७ साली ऑस्ट्रियात इन्सब्रुकला श्लोफर नावाच्या सर्जननी पिट्युटरीची गाठ पहिल्यांदा नाकाच्या वाटेनं काढली, तेव्हा ना एमआरआय ना अँटिबायोटिक. पुढं मायक्रोस्कोप आला, आणि आता बारीक दुर्बीण. तुमच्या नाकाच्या मागं स्फिनॉइड म्हणून एक पोकळी असते, तिच्या पलीकडं पातळ हाड, त्याच्यामागं खोगिराच्या आकाराच्या खोबणीत ही ग्रंथी. मेंदूला हात न लावता तिथं पोचता येतं म्हणून तर ती वाट. चांगल्या ठिकाणी जिवाचा धोका शंभरात एकापेक्षा कमी. तुम्ही विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सर, तुम्ही वर्षाला पिट्युटरीची किती ऑपरेशनं करता? लाजायचं नाही. म्हैस घेताना चार वेत विचारतो आपण. या ऑपरेशनचा निकाल सर्जनच्या सरावावर ठरतो हे वारंवार दिसलेलं आहे, आणि ऑपरेशननंतर हॉर्मोन बघणारा एंडोक्रायनॉलॉजिस्ट त्याच टीममध्ये आहे का तेही विचारा.

भूलतज्ज्ञांना मात्र तुम्हीच सांगा की जीभ मोठी आहे, घोरतो, रात्री श्वास अडकतो. या आजारात घशात नळी घालणं अवघड जातं आणि त्यांना ते आधी माहीत असलेलं बरं. एकदा एका पेशंटच्या बायकोनं हे सांगितलं, डॉक्टरांनी नाही. हृदयाचा इको आणि आतड्याची दुर्बीण तपासणीही या आजारात करून ठेवतात, त्याला कंटाळू नका.

इंजेक्शन म्हणजे ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड, चार आठवड्यांनी एक. ते गाठीला गप्प बसवतं, घालवत नाही. घेताय तोवर काम, ते पण सगळ्यांना पूर्ण लागू पडत नाही, निम्म्यांच्या खालीच रिपोर्ट नॉर्मल होतो. सुरुवातीला जुलाब, पुढं पित्ताशयात खडे. आणि महाग. कॅबरगोलीन नावाची गोळी आहे, स्वस्त, आयजीएफ थोडंच वर असेल तेव्हा उपयोगी. रेडिएशन शेवटी, कारण त्याचा गुण यायला वर्षं लागतात आणि त्यात चांगली पिट्युटरीपण हळूहळू दमते. ऑपरेशनमध्ये एका फटक्यात सुटायची शक्यता असते म्हणून ते आधी. तुमची गाठ किती मिलिमीटर ते लिहिलं नाहीत, ते बघा, बाकी सगळं त्यावर.

खर्चाचं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतंय का ते अ‍ॅडमिट होण्याच्या आधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड-आधार घेऊन जाऊन विचारा, नंतर नव्हे. आणि पुढं इंजेक्शन लागलं तर ते बसतंय का हे वेगळं विचारा, लोक एकदाच विचारतात आणि दुसऱ्या महिन्यात मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून घाम फुटतो.

प्रश्न : ऑपरेशननंतर हायड्रोकॉर्टिसोन दिलंय. शेजारचे म्हणाले स्टेरॉइड आहे, हाडं ठिसूळ होतात. मी आठवडा झाला बंद केली. थकवा फार. (जयसिंगपूर)

आज परत सुरू करा आणि उद्या डॉक्टरांना भेटा. उलट्या होत असतील, उठल्यावर चक्कर येत असेल तर उद्याची वाट न बघता आजच हॉस्पिटल. हे बॉडी बनवायचं स्टेरॉइड नाही, शरीर स्वतः रोज सकाळी बनवतं तेच कॉर्टिसोल आहे, तुमची पिट्युटरी सध्या ऑर्डर देईना म्हणून गोळीतनं देतोय. सकाळी ८ वाजता कॉर्टिसोल तपासून, ते पुरेसं आलं तरच डॉक्टर बंद करतात, बऱ्याच जणांचं होतंही बंद. चालू असेल तोवर ताप आला की डोस दुप्पट, गोळी उलटून पडली तर इंजेक्शन. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, ‘मला हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे’. शेजाऱ्यांना राम राम.

प्रश्न : सर माझं वय १९, उंची ६ फूट ३ इंच, गंगावेशला तालमीत जातो. पोरं खली म्हणतात. मला पण ट्यूमर असेल का?

वडील किती उंच आहेत ते लिहिलं नाहीस. ते सहा फूट असतील तर तू वडिलांवर गेलायस, दूध-बदाम चालू ठेव. खलीला पिट्युटरीची गाठ होती हे खरं, २०१२ साली अमेरिकेत पिट्सबर्गला ऑपरेशन करून काढली. हाडांची टोकं जुळायच्या आधी, म्हणजे लहानपणी गाठ झाली की उंचीच वाढत सुटते, अमेरिकेतला रॉबर्ट वाडलो पिट्युटरी ग्रंथीच वाढल्यामुळं २७२ सेंटिमीटरपर्यंत गेला आणि १९४० साली २२ व्या वर्षी वारला. तुझी उंची गेल्या दोन वर्षांतही सटासट वाढत असेल, बूट दर सहा महिन्याला लहान होत असतील, डोकं दुखत असेल, बाजूचं दिसत नसेल, तर सकाळी एक आयजीएफ-वन कर, तुझ्या वयाच्या नॉर्मलशी ताडून बघ. नाहीतर मातीत जा. आणि तालमीत कुणी ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन देतो म्हणाला तर वस्तादांना नाव सांग, लोक पैसे देऊन हाच आजार विकत घेतायत.

या वेळी तिघांनी एमआरआयची फिल्म खिडकीवर धरून मोबाइलनं फोटो काढून पाठवलाय. एकात मागचं आंब्याचं झाड दिसतंय, एकात गॅलरीतली वाळत घातलेली चादर. ट्यूमर कुठंच दिसत नाही. कृपया टाइप केलेला लेखी रिपोर्ट पाठवा, नाव-मोबाइल नंबर झाकून, आणि गाठ किती मिलिमीटर, ऑपरेशनची तारीख, टेस्टची तारीख एवढं वर लिहा. फिल्मची सीडी मिळते ती तुमच्या डॉक्टरांकडं न्यायला जपून ठेवा, फ्रिजवर मॅग्नेटखाली नको, हरवते.